चालण्याचा रिकामा रकाना

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची वही आहे. मुलीची वही निळ्या कव्हराची, तेरा वर्षं जुनी.

मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा तिचं वजन इतकं वाढलं होतं की शाळेचा एक जिना चढला तरी ती पायरीवर बसायची. मुलांच्या डॉक्टरांकडे दीड वर्ष उपचार चालले. त्यात औषधं नव्हती, सगळ्या घरानेच सवयी बदलायच्या होत्या. बाटलीतली गोड पेयं बंद, जेवताना टीव्ही बंद, रोज संध्याकाळी चालणं. मी रकाने आखले, तिने पाळले, वजन आटोक्यात आलं. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "आता वजनकाटा बाजूला ठेवा. हिचं हालणं-खेळणं मात्र सुटू देऊ नका."

यंदा मार्चमध्ये चालण्याचा रकाना सलग तीन आठवडे रिकामा राहिला. मुलगी आता बावीस वर्षांची. नोकरी अशी की दिवसभर खुर्चीत. पुन्हा ती पायरी दिसायला लागली.

"संध्याकाळी असतेस कुठे?"

"चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी, मम्मी. सांगितलं ना."

तयारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बॅनर, मीटिंगा आणि समोसे आले. मी माळ्यावरचा वजनकाटा काढून तिच्या खोलीत ठेवला.

"मी अजून पेशंट आहे का?" तिने विचारलं.

"होऊ नयेस म्हणून ठेवलाय."

तिने काटा उचलून परत माळ्यावर टाकला. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

तिसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घरी विसरली. मी ती घेऊन गौलीगुड्याला, विहारामागच्या मैदानावर गेले. हलगी वाजत होती. वीस-पंचवीस मुली आणि बाया लेझीम खेळत होत्या आणि सगळ्यांच्या पुढे, तोंडात शिट्टी धरून, माझी मुलगी. बसायचं, उठायचं, उडी मारून वळायचं, परत बसायचं. मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं ती थांबली नाही.

आमच्याकडे लेझीम म्हणजे जयंतीचं काम. बूट घालून चाललं तरच तो व्यायाम. म्हणून लेझमीला मी कधी रकानाच दिला नव्हता.

शेजारी दम खात बसलेली बाई म्हणाली, "तुमची पोरगी का, ताई? लई सतावते हो. गुडघे गेले आमचे!"

मुलगी घाम पुसत आली. "तपासायला आलीस?"

"बाटली द्यायला आले."

"हौ, बाटली!" ती हसली आणि माझ्या हातात लेझीम दिली. "धर. मागच्या रांगेत उभी राहा."

"अगं, माझं वय बघ."

"मागची रांग त्या वयाचीच आहे."

मी दहा मिनिटं टिकले. पुढून आवाज येतच होता, "मम्मी, गुडघे वाकव! मोजू नको, हलगी ऐक!"

घरी आल्यावर मी निळी वही तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "आता तुझं तूच बघ." तिने ती न उघडताच परत दिली. "पानं उरलीत ना? तू वापर."

मिरवणूक झाली, पण मंगळवार-शुक्रवारचा सराव आम्ही सोडला नाही. वहीत आता माझे दोन रकाने आहेत, लेझीम आणि गुडघा. तिचा एकही नाही. सहा वाजता ती बूट घालून दारात उभी असते. मला उशीर झाला की शिट्टी वाजवते.