नर्सबाईंचा परसराम

आंधळगावात परसरामला कोणी आडनावाने ओळखत नसे. सुलोचनाबाई नर्स, आणि परसराम त्यांचा नवरा. दोन एकर धान सांभाळून तो बाईंना फटफटीवर मागे बसवून खेडोपाडी बाळंतपणाला न्यायचा. पानठेल्यावरचे लोक विचारत, "काय डायवर, आज कोनाकडं पाळना?" तो हसायचा, पण घडीभर थांबायचा नाही. हाक कधी येईल, याचा त्याला सतत घोर असे. फटफटीची दुरुस्तीही तो अंगणात स्वतःच करी.

सन एकोणऐंशीच्या धानकापणीत एका दुपारी तो चेन बदलायला बसला. मी शेजारी राहत होतो, बघत बसलो. चेनवर पत्र्याचं झाकण होतं आणि पुढचं दातेरी चाक आत दडलेलं. अशा वेळी जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडून जुनी ओढतात, म्हणजे तिच्यामागून नवी चाकावर चढते. त्याने जुनीची जोडकडी उघडली आणि नवी आणायला तो आत गेला. तेवढ्यात तेजराम सायकल दामटत आला. त्याचं गाव तीन कोसांवर. पोरीची पहिली खेप होती, सकाळपासून कळा होत्या आणि मूल अडलं होतं. ऐकून मला बसवेना. आपणही हात लावावा म्हणून मी जुनी चेन ओढली. ती सगळीच बाहेर आली.

परसराम नवी चेन घेऊन आला आणि थबकला.

"काहून ओढली, भय्याजी?"

बाई पिशवी घेऊन दारात आल्या, किती वेळ लागेल म्हणाल्या.

"लागन थोडा. तुमी सायकलवर पुढं व्हा, बाई. मी रस्त्यात गाठतो." वेळ का लागणार, ते त्याने सांगितलं नाही.

बाई तेजरामच्या कॅरिअरवर बसून गेल्या. परसरामने नव्या चेनला तार बांधली आणि तारेचं टोक झाकणात सरकवलं. तीनदा ते चाकावरून निसटलं, चौथ्यांदा चाकावरून फिरून बाहेर आलं. घाईघाईने त्याने जोडकडीची क्लिप लावली, किकवर पाय ठेवला आणि पुन्हा खाली बसला. क्लिपचं उघडं तोंड चेन फिरते त्या दिशेला आलं होतं, तशी ती सुटून पडू शकते. मी म्हटलं, आता असू द्या, निघा.

"रस्त्यात उडाली तं बाई कशी पोचन?"

त्याने ती काढली, फिरवून बसवली आणि गेला.

मी सडकेपर्यंत किती फेऱ्या मारल्या, आठवत नाही. दिवेलागणीला दोघं परतले. मुलगी झाली होती, माय-लेकी सुखरूप होत्या. नाळ गळ्याभोवती होती, घडीभर उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं, असं बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"हे सांगून राहिले, तुमी हातभार लावला म्हून चेन लवकर बसली."

परसराम पाठमोरा हात धूत होता. मी होकारार्थी मान हलवली.

तो जाऊन आता सहा वर्षं झाली. बाई भेटल्या की अजूनही ती गोष्ट काढतात, आणि मी मान हलवतो.