सांबारवडीचं तेल

हे मी मंजिरीलाही सांगितलेलं नाही. बायकोपासून लपवलेली गोष्ट तुम्हाला सांगतोय, म्हणजे तुम्ही माझे लागता तरी कोण? कोणीच नाही — म्हणूनच जमतंय बहुधा.

गोष्ट तशी मोठी नाही. म्हणजे, मोठी नाही असं मी स्वतःला इतकी वर्षं बजावत आलोय. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचा संसार मोडला नाही. उलट त्या दिवसांत आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं पुढे क्वचितच झालं. आणि तीच पंचाईत आहे. सगळ्यांच्या आवडत्या आठवणीत आपणच तेवढे खोटे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरापासून सुरुवात करतो. दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावाबाहेर घर घेतलं. मी पुण्याचा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनीअर. अपार्टमेंटमधून एकदम एवढं मोठं अंगण म्हटल्यावर हुरळून गेलो. गावाची ड्रेनेजलाइन तिथवर पोचलेली नव्हती. अंगणात जमिनीखाली सेप्टिक टँक, घरापासून तिथपर्यंत एक पाइप, पुढे आपल्या शोषखड्ड्यासारखी सोय. शेजारी रॉन नावाचे सत्तरीचे गृहस्थ राहायचे. आमच्या लेकीने, सईने, त्यांना रॉनकाका करून टाकलं होतं. तो पाइप कुठून जातो हे त्यांनी थंडी सुरू होण्याआधी मला चालून दाखवलं. या पट्ट्यावरचा बर्फ काढू नकोस, म्हणाले, आणि तुडवू तर मुळीच नकोस. भुसभुशीत बर्फ म्हणजे पाइपची गोधडी. ती काढलीस की गारठा थेट खाली उतरतो. मी मान डोलावली. त्यात न समजण्यासारखं काय होतं?

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा — मला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मंजिरीच्या आई नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. मीही त्यांना आईच म्हणतो. मला सांबारवडी आवडते हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिचं मसालेदार सारण बेसनाच्या पारीत भरायचं आणि खमंग तळायचं. आईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परातभर केल्या. पहिला घाणा माझ्या ताटलीत. घरात बायका एवढ्या झाल्या की आम्हा पुरुषांना जॅकेटं देऊन बाहेर हाकललं. दहाबारा जण, पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, गुडघाभर बर्फात हात चोळत उभे. आणि मी म्हणालो, चला, क्रिकेट खेळू.

सपाट जागा एकच होती. डेकपासून मेपलच्या झाडापर्यंत. तोच पट्टा.

रॉनकाकांचं बोलणं तेव्हा आठवलं का? आठवलं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, यजमान मी, घर माझं, कल्पनाही माझी — आणि एका दिवसाने काय होतंय? आम्ही बर्फ उपसला. उरलेला सगळ्यांनी एका ओळीत नाचत नाचत तुडवला, फरशीसारखा घट्ट केला. स्कीच्या काठ्या स्टंप म्हणून रोवल्या. टेनिसचा चेंडू त्या बर्फावर असा काही वळत होता की शाळेत ज्याला कोणी बॉलिंग देत नसे त्या मला भराभर विकेटा मिळाल्या. ‘यार, तू तर छुपा रुस्तम निघालास,’ कोणीतरी म्हणालं. खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला घराची किल्ली हातात पडली तेव्हाही झाला नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळलो. रविवारीही.

मग कडाक्याची थंडी आली, आणि एका सकाळी बाथटबमधून गुडगुड करत पाणी वर आलं. सिंक भरलं. संडासाबद्दल न सांगितलेलं बरं. मी प्लंजर घेऊन उभा. मंजिरीने आईंना विचारलं, ‘आई, तू तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलंस का गं?’ आई म्हणाल्या, ‘ओतलं ना बाप्पा. थोडंसंच होतं.’ आणि त्यांचा चेहरा — तो मला अजून दिसतो. लेकीच्या घरी पहिल्यांदा आलेली बाई, आणि आपल्या हातून तिचं नवंकोरं घर बिघडलं अशी तिची खात्री झालेली. तेव्हाच बोलायला हवं होतं ना?

पाइप मोकळा करणाऱ्याला दोन दिवस सवड नव्हती. ते दोन दिवस आमची वरात रॉनकाकांच्या घरी. खांद्यावर टॉवेल, हातात टूथब्रश. आई साडी खोचून, माझे बर्फाचे बूट घालून, आणि पुढे सई त्यांचा हात धरून: ‘आज्जी, स्लो चल, इट्स स्लिपरी!’ रॉनकाकांच्या मार्थाकाकूंना मराठीचा गंध नाही, आईंचं इंग्रजी जेमतेम. पण दोघी सोफ्यावर बसून एकमेकींना सुना-नातवंडांचे फोटो दाखवायच्या आणि डोळे पुसेपर्यंत हसायच्या. आम्हीही हसायचो. एकदा रॉनकाकांनी खिडकीतून माझ्या खेळपट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या कपात कॉफी ओतली. मी ती प्यायलो.

शेवटी माणूस आला. त्याने पाइपमध्ये गरम पाण्याची नळी सोडली आणि अंगणात मला एकट्यालाच म्हणाला, तेल-बिल काही नाही, नुसता बर्फ आहे. स्कीच्या काठ्या अजून तिथेच रोवलेल्या होत्या. त्याने त्या बघितल्या, बिल केलं आणि गेला.

मी आत आलो. आई दारातच उभ्या होत्या. मंजिरीने विचारलं, काय निघालं?

तेल, मी म्हणालो.

झालं. एवढंच. का म्हणालो ते शोधत बसत नाही. सापडलं तर सबब होईल.

त्या दिवशी आईंनी कढई वरच्या फळीवर ठेवून दिली. परत जाईपर्यंत काही तळलं नाही. पण जावयाची आवड कशी मोडायची? म्हणून त्या सांबारवडी ओव्हनमध्ये भाजायला लागल्या. कोरडी ठाक, पुठ्ठ्यासारखी. मी एकही सोडली नाही. गंमत म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना ती ‘हेल्दी’ वाटली, आणि काकू, रेसिपी द्या ना, म्हणत त्या आईंच्या मागे लागल्या. मी पुढच्या प्रत्येक थंडीत त्या पट्ट्यावर पेंढा पसरतो. तेलाने तुंबलं होतं ना, मग पेंढा कशाला, असं मंजिरीने एकदा विचारलं. असू दे, म्हणालो. क्रिकेट गुडघ्याच्या नावाखाली बंद केलं. गुडघे ठणठणीत आहेत.

आणि आई? त्यांनी त्या लाजेचा किस्सा करून टाकला. मी अमेरिका तुंबवली, अशी सुरुवात करून त्या तो फोनवर सांगायच्या, लग्नकार्यात सांगायच्या, दरवेळी थोडा वाढवून. मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने.

दोन हजार आठ साली त्या पुन्हा आल्या. शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती होता. कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला आणि त्यांनी तोच किस्सा सांगितला. बूट, वरात, मार्थाकाकू, सगळं. लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी होते. मग हसू ओसरल्यावर त्या आवाज बदलून म्हणाल्या, ‘पण आमच्या जावयांचं सांगते. एवढं नुकसान केलं मी त्यांचं, पण एका शब्दानं बोलले नाहीत, बाप्पा. असा जावई मिळायला भाग्य लागतं.’

सगळा हॉल माझ्याकडे वळला. टाळ्या वाजायला लागल्या. मंजिरीचे डोळे भरून आले होते.

मी उभा राहिलो, आणि हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

एक शब्द मी बोललो होतो, आई.