बायकांच्या गेटचं कुलूप

"ए, तुमी हिकडं न्हाय. बायकांचं मागं हाय. चला, मागं व्हा."

कमिटीच्या बिल्लेवाल्यानं काठीनं दाखवलं. तोंडानं सांगून झालं होतं, तरी काठीनं दाखवलं.

मुरुमला फुटबॉलची फायनल होती. माझी जाऊ सुगंधा, तिचा भाऊ गोलकीपर. त्याला बघायला आम्ही दोघी खुरपणी अर्ध्यावर सोडून आलो होतो. पुढं मोठ्या लोकांना सोफे, पंखे. मागं बल्ल्या-फळ्यांची गॅलरी, तिन्ही बाजूंनी पत्रे आणि मैदानाकडं जाळी ठोकलेली. ती आमची. गेट एकच. आम्ही आत गेलो, आणि बिल्लेवाल्यानं बाहेरून कुलूप घातलं.

मी विचारलं, "कुलूप कशाला, भाऊ?"

"तुमच्याच सेफ्टीसाठी. पोरं घुसतेत."

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टीवर आला. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. फळी करकरली. मग खालची बल्ली मोडली आणि वरच्या रांगा खालच्यांच्या अंगावर आल्या. आम्ही गेटकडं धावलो. कुलूप. चावीवाला पेनल्टी बघायला मैदानाकडं गेलेला. आम्ही पत्रा बडवला. हात फुटले. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर कमिटीच्या अध्यक्षांचा आवाज आला, "महिलांनी गोंधळ करू नये. खेळाडूंचं लक्ष विचलित होतंय."

सुगंधाच्या भावानं शेवटची पेनल्टी अडवली. जिंकल्याचा गलका झाला. त्यात आमचं ओरडणंही लोकांना जल्लोषच वाटला असेल.

मग गेट उघडलं.

मी उभी होते, म्हणून वाचले. कशावर उभी होते, ते गर्दी सरल्यावर कळलं. माझा पाय सुगंधाच्या पाठीवर होता. ती हलत नव्हती.

पंधरा दिवसांनी अध्यक्षांनी आम्हाला आडतीवर बोलावलं. माझा दीर, सुगंधाचा नवरा, त्यांच्याच आडतीवर हमाल. आलेल्या लोकांना खुर्च्या होत्या. मला म्हणाले, "तू खाली बस." मी बसले. त्या बसण्याची मला अजून लाज वाटते.

पोलिसांत द्यायच्या जबाबाचा कागद पुढं आला. दिरानं न वाचता सही केली. मी दहावी पास आहे. मी वाचला. गेट उघडं होतं, बायकांनी अफवेनं पळापळ केली, असं लिहिलं होतं.

"कुलूप होतं," मी म्हणाले.

अध्यक्ष हसले. "बाई, तुला सही करायला बोलावलंय. वाचायला कुणी सांगितलं?"

दीर हळूच म्हणाला, "वैनी, करा सही. ती तर गेली. माझं काम तरी ऱ्हाऊ द्या."

मी उठून उभी राहिले.

"म्या तिला तुडवलंय. ह्या पायानं. गेट उघडं असतं तर तुडवलं नसतं. म्या सही करणार न्हाय."

अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात घातला. माझ्या सहीवाचून त्यांचं काहीच अडलं नाही. बाकीच्यांच्या पुरल्या. प्रकरण मिटलं. दीर माझ्याशी बोलायचा बंद झाला. वस्तीतल्या बायकाही म्हणाल्या, सोड आता, कुणाशी भांडतीस?

दुसऱ्या वर्षी पुन्हा स्पर्धा झाली. सोफ्यांच्या मागं नवी लोखंडी गॅलरी आली. गेटवर फलक लागला : सुरक्षेच्या कारणास्तव महिलांना प्रवेश नाही. लोक म्हणाले, बरं केलं, कमिटी सुधारली. म्हणजे सुगंधा मेली, त्यातून ते एवढंच शिकले. मरणाऱ्यांनाच आत घ्यायचं नाही.

औंदा फायनलला मी जाणार आहे. माझ्यासोबत कुणी येणार नाही, ठाऊक आहे. पोलिसांना बोलावतील, तेही ठाऊक आहे. काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी गेटवर सांगणार आहे, मला सामना बघायचाय. पुढं बसून. आणि बाहेर पडायची वाट उघडी पाहिजे.

धक्के मारून हाकलतील. पुढच्या वर्षी परत जाईन.