तिसरा महिना

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला नाही. ज्यांच्यासोबत रोज डबा खाते, त्या बायकांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

म्हसळ्याजवळच्या एका विद्यापीठात मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या आवारात, मुलींच्या वसतिगृहामागे, एक पाळणाघर आहे. दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि मंदाताई. प्राध्यापकांची, शिपायांची, शिकायला येणाऱ्या लेकुरवाळ्या मुलींची पोरं दुपारी तिथे एकाच सतरंजीवर झोपतात. काही वर्षांपूर्वी एका सकाळी नोटीस लागली – मुलं कमी, जागेची गरज जास्त, हे सत्र संपलं की पाळणाघर बंद. तिथे पाहुण्यांसाठी खोल्या व्हायच्या होत्या.

मला तेव्हा मूल नव्हतं. नवरा पुण्यात नोकरीला, आम्हाला घाईही नव्हती. मग मी त्यात पडले कशी? लेखा विभागातली रेश्मा नोटीस वाचून माझ्याकडे आली. तिची मुलगी जेमतेम चालायला लागलेली, सासू श्रीवर्धनला अंथरुणाला खिळलेली. "नोकरी सोडावी लागेल गं मला," म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडतेस काय? बसू या ना त्यांच्या दारात!"

बसलो. खरंच बसलो! प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर आया, त्यांच्या मांडीवर पोरं, दुधाच्या बाटल्या, खुळखुळे. आम्ही घोषणा द्यायचो आणि पोरं टाळ्या वाजवायची. एक पठ्ठ्या रांगत रांगत थेट कुलसचिवांच्या केबिनमध्ये शिरला आणि त्यांच्या बशीतलं बिस्किट घेऊन बाहेर आला – काय हसलो आम्ही! कधी कुठल्या बैठकीत हात वर न केलेली मी, घसा बसेपर्यंत ओरडत होते. सकाळी उठले की वाटायचं, कधी एकदा तिथे पोचते. इतकं जिवंत मला त्याआधी कधी वाटलं होतं? आठवत नाही.

शेवटी आम्हा चौघींना समितीच्या बैठकीला बोलावलं. आधी रेश्मा बोलली. "ही तुमची वैयक्तिक अडचण झाली," कुलसचिव म्हणाले. मग मी उभी राहिले. तयारी करून गेले होते, भडाभडा बोलायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मॅडम, तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत सर."

"मग तुम्ही कशाला एवढ्या तापताय?"

टेबलाच्या टोकाला कोणीतरी हसलं. मोठ्यांदा नाही, नाकातल्या नाकात. त्या हसण्याने माझी कानशिलं तापली आणि – आता सांगतेच – मी म्हणाले, "तिसरा महिना चालू आहे, सर. माझं बाळ कुठे ठेवू, तेवढं सांगा."

खोटं. साफ खोटं. समितीत एकच बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हिला काय उत्तर द्यायचं, सर?" मी पोटावर हात ठेवला. तो हात आपोआप गेला नाही, मी तो ठेवला. मग जे बोलले ते असं बोलले की रेश्मा रडली. आणि मला काय वाटत होतं माहितीये? लाज? छे! मला उडतेय असं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी नोटीस काढून टाकली. माझ्या खोट्यामुळे काढली, की तशीही निघाली असती? कोण जाणे. पेढे वाटले, पडवीत पोरांबरोबर नाचलो. मी नाचायला लागले तर रेश्मा ओरडली, "अगं, तू नको! जपून!" मंदाताई गर्दीतून आल्या. नुसता माझ्या गालावर तळवा ठेवला आणि गेल्या.

मग सुरू झालं. कैऱ्या आल्या, चिंचा आल्या. शिपाई जड बाटल्या उचलू देईना. मी सगळं खाल्लं, सगळ्यांना हसून दाखवलं. पण पोट थोडंच येणार होतं? शेवटी ताप आल्याचं सांगून माहेरी आगरदांड्याला पळाले आणि तिथून रेश्माला दोनच शब्द पाठवले – राहिलं नाही.

वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी दिघीहून फेरीबोटीने मंदाताई आल्या. हातात डबा. आई चहा टाकायला आत वळली, आणि ही बाई आता आईसमोर काय बोलेल या भीतीने मी त्यांना ओढतच धक्क्यावर नेलं. तिथे बसून त्यांनी डबा उघडला. नाचणीची पेज होती. त्यांनी मला चमच्याने भरवायला घेतली.

"खा बाय. अंगात ताकद न्हाय राहत."

मी खाल्ली. मग समोरच्या पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "माझी पण गेली होती. पुऱ्या दिवसांची. केस होते हो डोक्यावर, दाट. मालकांनी परस्पर नेली. मला धरू पण दिली न्हाय." डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "कोणाला बोलले न्हाय मी आजवर. तुला बोलतेय, कारण तुला कळंल."

त्या वेळी सांगता आलं असतं. धक्क्यावर आम्ही दोघीच होतो. मंदाताई, मला नाही कळणार, माझं काहीच गेलेलं नाही – एवढं वाक्य. मी काय केलं? त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझी पाठ चोळली. त्यांना स्वतःच्या पोरीसाठी रडायचं होतं, आणि त्या मलाच समजावत बसल्या.

पुढे मला खरंच दिवस गेले. मंदाताईंनी सोमवार धरले, पायऱ्या चढताना हात धरला, बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू करून आणले. माझी मुलगी त्याच पाळणाघरात, त्याच सतरंजीवर वाढतेय. तिला तिथे सगळे नावाने हाक मारतात. मंदाताई मात्र तिला 'धाकटी' म्हणतात.

परवा पोरीनेच विचारलं, "आई, मी धाकटी, तर थोरली कोण गं?"

मंदाताई तिथेच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, मायेने.

"होती एक," मी म्हणाले.