पाहुण्यांच्या बारा नंबरची आई

खणखणताई पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आली ती क्रीडागृहाच्या तिकीटखिडकीत. एकदा बाहेरचा लाउडस्पीकर बंद पडला आणि रांग वाकडीतिकडी होऊन रस्त्यावर गेली. ताईने मान बाहेर काढून एकच हाक दिली, "ओ काका, रांगेचं शेपूट तिकडंय, तुम्ही तोंडाशी कुठं निघालात!" पाठमोरी माणसंसुद्धा गर्रकन वळली. व्यवस्थापकांनी तिला खिडकीतून उठवून थेट वरच्या काचेच्या खोलीत, माईकसमोर बसवलं.

तिथला रिवाज सरळ होता. घरच्या संघातल्या मुलीने बास्केट केली की माईकवर तिचा नंबर लांबवून पुकारायचा. पाहुणीचा मात्र भाजीचा भाव सांगावा तसा चटकन उरकायचा. ताईचा "साऽऽत नंबर!" सुरू झाला की अख्खी गॅलरी उभी राही. वर्षानुवर्षं असंच चाललं. मग ताईची लेक दुसऱ्या गावच्या संघात निवडली गेली आणि अंतिम सामन्याला नेमकी इथेच आली.

सकाळी बुटाच्या नाड्या आवळत लेक म्हणाली, "आई, आज माझा नंबर कसा घेणार?"

"पाहुण्यांचा घेतात तसा. आलात, बसलात, निघालात."

"सख्ख्या मुलीचा?"

"माईकला नातीगोती नसतात गं बाई!"

व्यवस्थापकांनाही कुणकुण लागली होती. सामन्याआधी ते वर आले. "ताई, जीभ आवरा हं. लोक तिकीट काढून आपल्या पोरींसाठी येतात. आज चूक झाली तर उद्या माईक दुसऱ्याच्या हातात."

ताईने मान हलवली. सामना सुरू झाला आणि लेकीने पहिली बास्केट केली. "बारा नंबर, दोन गुण." कोरडं ठाक. पुन्हा, "बारा नंबर, दोन गुण." खाली लेक वाऱ्यासारखी पळत होती आणि वर ताई पदराचं टोक मुठीत पिळत होती. शेवटच्या क्षणांत पाहुणे एका गुणाने मागे. चेंडू लेकीच्या हातात. तिने उडी मारली. चेंडू कड्यावर आपटला, गोल फिरला, रेंगाळला आणि जाळीतून खाली आला.

"बाऽऽऽऽरा नंबर! माझी पोर! माझी पोर गं ती!"

घरचा संघ हरलेला, आणि घरचाच माईक नाचत होता. अख्ख्या गॅलरीच्या माना वर काचेकडे वळल्या. ताईने जीभ चावली, पण सुटलेला शब्द कुठे परत येतो?

तेवढ्यात गॅलरीतून एक आजोबा ओरडले, "अहो ताई, आम्ही हरलोय! जरा हळू!"

हसण्याचा असा काही स्फोट झाला, की मागोमाग टाळ्याही आल्या. लेकीने वर काचेकडे बघून दोन्ही हात हलवले. लालबुंद होऊन जिना चढणारे व्यवस्थापक दारातच थांबले. खालचा गलका ऐकत राहिले.

"उद्या या कामाला," ते शेवटी म्हणाले. "पण पोरीच्या सामन्याला या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

माईक अजून ताईकडेच आहे. लेकीचा सामना असला की ती रजा टाकते, तिकीट काढते आणि पाहुण्यांच्या बाजूला बसून घसा बसेपर्यंत ओरडते.