वाडग्याचा तळ

अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये असताना माझ्याकडे वेळ सोडून काहीच नव्हतं. नवऱ्याचा वर्क व्हिसा आणि माझा त्याच्या शेपटाला बांधलेला, त्यावर नोकरी करायची परवानगी नाही. इंजिनिअरिंगची डिग्री बॅगेत आणि मी टाउनहाउसच्या खिडकीत. त्यामुळे शेजारच्या आजोबांनी काम सांगितलं, तेव्हा मी ते अधाशासारखं घेतलं.

आजोबा मूळचे इंग्लंडचे, तरुणपणीच इकडे आलेले. आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. लग्नाआधी त्या तिकडे एका छोट्या काचकारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे काय, तर एका बंद पडलेल्या शाळेत भट्टी लावून चारपाच माणसं नळीवर काच फुंकायची. तिथून आजींनी एक वाडगा आणला होता, फिकट हिरवा, जड बुडाचा. तो त्यांनी स्वतः केला होता की कुणी त्यांना दिला होता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आजोबांनी कधी विचारलं नाही. आता मात्र आजोबांना ते कळायलाच हवं होतं. कंप्युटर त्यांना जमत नव्हता. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घाई नाही. ते मी फारच मनावर घेतलं.

इंटरनेटवर जुनी काच जमवणाऱ्यांची एक चर्चेची जागा होती, तिथे मी ठाण मांडलं. भट्टी कुणी लावली, माल दुकानांत कोण पोचवायचं, कोण कुणाशी भांडून सोडून गेलं, असे धागे जुळवत गेले. तिथे काम केलेल्या एक बाई वेल्समध्ये अजून आहेत असं कळलं. त्यांची भाची त्यांच्या वतीनं मेल करायची. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "सध्या काय करतेस?" विचारलं की मी ऐटीत "रिसर्च" म्हणायचे. या रिसर्चमध्ये एक साधं काम तेवढं राहिलं होतं, वाडग्याच्या तळाचा फोटो. तळावर कसले तरी ओरखडे होते, तिरक्या उजेडातच दिसतील इतके पुसट. आज ऊन नाही, उद्या कॅमेऱ्याची बॅटरी नाही, असं करता करता वाडगा महिनाभर फ्रिजवर बसून राहिला.

तोवर नागपूरहून आई आली होती. आमच्या मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, भांड्यांची अदलाबदल ठरलेली. आपलं पातेलं जातं आणि भलत्याचं झाकण घरी येतं. म्हणून नवऱ्यानं नावं घालायचं एक छोटं मशीन आणून ठेवलं होतं, पेनासारखं, टोक थरथरणारं. आईला ते फार आवडलं. तिकडे भांडीवाल्याकडे ताटकळत बसावं लागतं, इथे आपलं आपण! तिनं घरातल्या झाऱ्या-डावांपर्यंत सगळ्यावर आमचं आडनाव घातलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही एका शनिवारी दुपारी केलं. दहाबारा जणी आल्या, प्रत्येकीच्या हातात काही ना काही. तिळाच्या वड्या आईनं त्या हिरव्या वाडग्यात मांडल्या. छान दिसत होत्या, मीही काही बोलले नाही.

रविवारी सकाळी वेल्सहून मेल आली. कारखान्याची अशी काही खूण नव्हती, पण प्रत्येक जण आपल्या कामाच्या तळावर स्वतःची खूण ओरखडायचा. कुणाचा मासा, कुणाचं पान, कुणाच्या नुसत्या दोन रेघा. तळाचा फोटो पाठवा, मावशी बघताक्षणी सांगेल कुणाचा हात आहे तो.

मी कॅमेरा घेऊन धावले. वाडगा पालथा केला. तळावर ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं: शेजारचे आजोबा.

मी आईला हाक मारली ती ओरडूनच. ती शांतपणे म्हणाली, "इतक्या बायका येणार, दुसऱ्याची वस्तू कुणाच्या पिशवीत गेली तर? म्हणून घातलं." आणि नेमकं तिथेच का? तर गुळगुळीत काचेवर टोक घसरत होतं, मधे जरा खरखरीत लागलं, तिथे धरलं. तो खरखरीतपणा म्हणजेच ती खूण. मी खिडकीशी नेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं. अक्षरांच्या आत काही उरलं नव्हतं.

"कळत नाही तर हात कशाला लावतेस?" मी म्हणाले. "किती अडाणीपणा!"

आईला उभ्या आयुष्यात मी असं बोलले नव्हते. त्या क्षणी मला लाज वाटत होती ती तिची. गोऱ्या माणसाला काय सांगू, माझ्या आईला वस्तूची किंमत कळत नाही? भाचीकडून उत्तरच आलं नाही असं आजोबांना सांगायचं, हेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

आईनं विचारलं तेवढंच, की ते ओरखडे कसले होते. मी सांगितलं. तिनं वाडगा धुतला, पुसला, उरलेल्या वड्या त्यात भरल्या, कारण भांडं रिकामं परत देत नाहीत, आणि घरातल्या चपलांनीच बाहेर पडली. मी मागोमाग.

आजोबांनी दार उघडलं. आईनं वड्या त्यांच्याच ताटलीत काढल्या, वाडगा पालथा करून दाखवला आणि हात जोडले. "सॉरी. मी केलं." आजोबांनी वाकून तळ बघितला. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग मेलमध्ये काय आलं तेही सांगावं लागलं. त्यांनी माझ्याकडे बघून आशेनं विचारलं, आधी काढलेला फोटो असेल ना?

आईला फोटो हा शब्द कळला. माझ्या आधी तीच म्हणाली, "नो फोटो. माय मिस्टेक."

एवढं इंग्रजी तिनं कधी जुळवलं, कोण जाणे. मला झाकायला जुळवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी सांगितलं की फोटो काढणं माझं काम होतं, महिनाभर माझ्याकडे वाडगाही होता आणि वेळही होता. बोलताना मी ताटलीतल्या वड्यांकडे बघत होते.

आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, की त्या वाडग्यातून त्यांनी जन्मभर संत्री खाल्ली, पण एकदाही तो उलटा करून बघितला नाही. बायको मात्र धुतला की दर वेळी उलटा धरून तळावरून अंगठा फिरवायची. त्यांना वाटायचं, ओला राहिलाय का ते बघतेय.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"मग त्यांना सांग, तिनंच केला असणार तो," आई म्हणाली. "दुसऱ्यानं दिलेल्या भांड्याचा तळ कोण एवढा कुरवाळतं?"

ते इंग्रजीत करताना माझ्या मनात आलं, देणारा कोण आहे त्यावर आहे ते. मनातल्या कुणी दिलेल्या भांड्याचा तळ कदाचित जास्तच कुरवाळतात. वेल्सच्या त्या बाईंनी बघताक्षणी सांगितलं असतं. आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मी आईचं वाक्य तेवढं पोचवलं.

आजोबांनी मान हलवली. खरं वाटलं म्हणून की आईचा मान राखायला, ते मला कळलं नाही. ते उठले, वाडगा उचलला आणि आईच्या अक्षरांवरून अंगठा फिरवून बघितला.