मैनेचं पिवळं काळीज

तुम्हाला सांगतोय खरं, पण कसं सांगावं ते अजून कळत नाही — आजवर कधी तोंडातून बाहेरच काढलेलं नाही ना.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी जनावरांचा डॉक्टर. राहायला कळंबला, पण मोटारसायकलवर पार पिंपरी पेंढारपर्यंत जायचो. संकरित गाई घेतलेले लोक माझं सगळं ऐकायचे. मला ते आवडायचं — फारच आवडायचं.

पिंपरी पेंढारच्या एका घरात सुनंदा नावाची सून होती. गोठा तीच बघायची. तिची मैना नावाची गाय गाभण होती, दूध आटवलेलं. मीच सुनंदाला म्हणालो, "खुराक वाढव. विताना ताकद लागते." तिनं मक्याचा भरडा, सरकी पेंड, सगळं मनापासून घातलं. पुढच्या खेपेला गेलो तर मैनेच्या बरगड्या हाताला लागत नव्हत्या. एवढी चरबी बरी नाही, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण आपलाच शब्द मागे कसा घ्यायचा — म्हणून गप्प बसलो.

मैना व्याली. बादली भरून दूध देऊ लागली, आणि मग तिनं खाणंच सोडलं. तोंडाला गोडसर वास. दूध बनायला अंगातली साखर लागते. चारा पोटात नसला की अंगावरची चरबी सुटते आणि काळजात, म्हणजे यकृतात, जाऊन बसते. तिथल्या पेशी चरबीनं भरल्या की साखर बनवायचं त्यांचं काम बंद पडतं. शिरेतून ग्लुकोज दिलं, पुन्हा दिलं. उशीर झाला होता. मैना बसली ती उठलीच नाही.

बांधाकडेला तिला फाडून पाहिलं. मी एकटाच होतो. काळीज पिवळं, लोण्यासारखं मऊ. त्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला — तरंगला, म्हणजे चरबीनंच भरलेला. मी बादली ओतून दिली.

अंगणात सासू उभी होती. "डॉक्टर, कशानं गेली वो?"

"खुराक जास्त झाला."

सुनंदा पुढं आली. "पण तुमीच म्हनला व्हता ना, खुराक वाढव—"

"एवढा घाल असं मी म्हणालो नव्हतो."

किती प्रमाणात घालायचा, हे मी सांगितलंच कुठं होतं? सासू म्हणाली, "हिचा हातच वंगाळ." त्या दिवसापासून सुनंदाला गोठ्यात पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्या गाई तिचा आवाज ऐकून हंबरायच्या, असं शेजारणीनं मला सांगितलं. मी त्या घरी जाणं टाळू लागलो.

बऱ्याच वर्षांनी लेण्याद्रीच्या पायथ्याशी सुनंदा भेटली. तिनंच हाक मारली. सोबतच्या मुलीला म्हणाली, "ह्ये आपलं डॉक्टर. मैनेसाठी लई झटलं. माज्याच हातनं चुकलं व्हतं."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

तिला बरं वाटलं. तिनं वाकून मला नमस्कार केला, आणि मी तो करू दिला.